डोळे बांधून अंडी चाखा: इंदुरात पांढरी, ब्राऊन, देसी आणि कडकनाथची अंडी पारखण्याची रीत

पुण्या-नाशकाकडून नोकरीनिमित्त इंदुरात आलेली मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: इथे चांगली अंडी कुठे मिळतात? मी लगेच दुकान सांगत नाही. आधी विचारते, चांगली म्हणजे कशी? उत्तर बहुतेक वेळा रंगाचं येतं. कवच तपकिरी हवं, बलक केशरी हवा. जिभेचं कुणीच काही बोलत नाही. म्हणून हा लेख. एका रविवारी घरच्या घरी चार प्रकारची अंडी नीट चाखून बघायची आणि मग रोजची कोणती आणि खास दिवसाची कोणती ते ठरवायचं. पांढऱ्याच्या तिप्पट-चौपट पैसे मोजायचेच असतील, तर ते कशासाठी हे आपल्याला कळायला हवं.

एक गोष्ट आधी उरकून घेते. भाड्याच्या घरात राहत असाल तर घरमालकांना अंड्यांचं विचारून ठेवा. इथे बरीच घरं पूर्ण शाकाहारी आहेत आणि नंतर मन दुखावण्यापेक्षा आधी बोललेलं बरं. आमच्या सुदामानगरच्या घरात आजही अंड्याचं पातेलं आणि कढई वेगळी आहे. चवीच्या प्रयोगाला ती सोयीचीच पडते, कारण तिला कांदा-लसणाच्या फोडणीचा वास नसतो.

कोणती अंडी घ्यायची

महाराष्ट्रात ज्याला आपण गावठी अंडं म्हणतो, त्याला इथे देसी म्हणतात. दुकानात "गावठी" म्हणालात तर समोरचा गोंधळेल.

पहिला प्रकार साधा पांढरा. किराणा दुकानात, डेअरीवर, कोपऱ्यावरच्या ठेल्यावर तीस अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे रचलेले असतात, तीच ही फार्मची अंडी. पांढऱ्या लेअर (खास अंड्यांसाठी पाळलेल्या) कोंबड्या पिंजऱ्यात राहतात, मका आणि सोयाची पेंड खातात आणि वर्षाला तीनशेच्या वर अंडी देतात. एक अंडं साधारण ५० ते ६० ग्रॅमचं. घाऊक भाव १९८२ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती रोज शंभर अंड्यांमागे सुचवते. "संडे हो या मंडे" ही जाहिरात याच समितीची.

दुसरा, डब्यातली ब्राऊन अंडी. इथे नवखा माणूस हटकून फसतो. ब्राऊन म्हणजे देसी नव्हे. ही अंडीही मोठ्या फार्मवरचीच असतात, फक्त कोंबडीची जात वेगळी. कवचाचा रंग जातीवर ठरतो. आतल्या मालाशी त्याचा काही संबंध नाही.

तिसरा, खरं देसी. हे लहान असतं, ३५ ते ४५ ग्रॅमचं, आणि एकाच टोपलीतली दोन अंडी एकसारखी नसतात. कुणी फिकट बदामी, कुणी जवळजवळ पांढरं, कुणी लांबट, कुणी गोल. बाराच्या बारा अंडी एकाच छटेची आणि मापाची दिसली तर मी तिथून उठते. इंदूरजवळच्या महू, मानपूर, सिमरोलकडून येणारं कुणी ओळखीचं असेल, घरी दूध घालणारा असेल, कामावरच्या मावशी गावी जाऊन येणार असतील, तर त्यांना सांगून ठेवा. बाजारात शोधण्यापेक्षा हा रस्ता चांगला.

चौथा कडकनाथ, म्हणजे काळ्या कोंबडीची एक जात. तिचा मूळ मुलूख झाबुआ-अलीराजपूर आपल्या शेजारी, त्यामुळे इंदुरात कडकनाथचं नाव सगळीकडे ऐकू येतं. कडकनाथच्या काळ्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. या कोंबडीची कातडी, मांस, हाडंसुद्धा काळी असतात, पण अंडं काळं नसतं. ते फिकट बदामी, किंचित गुलाबीकडे झुकणारं असतं आणि आतला बलक पिवळाच. कडकनाथचं म्हणून कुणी काळं अंडं दाखवलं तर घेऊ नका. कडकनाथ कोंबडी वर्षाला शंभरच्या आतबाहेरच अंडी देते, तिच्या अंड्याचा भाव चढा असण्याचं मोठं कारण हे.

जवस खाऊ घातलेल्या कोंबड्यांची ओमेगा-३ अंडी घ्यायची तर पाचवा प्रकार म्हणून घ्या, पण पहिल्याच रविवारी पाच प्रकार फार होतात. जीभ थकते.

प्रत्येक प्रकारची सहा अंडी पुरतात.

रंगवलेल्या अंड्याची ओळख

दोन वर्षांपूर्वी मी रस्त्यावरच्या एका टोपलीवाल्याकडून डझनभर देसी अंडी आणली. रंग सुरेख, एकसारखा चहासारखा. घरी एकावर पाण्याचा थेंब पडला होता, तो ओल्या फडक्याने पुसला, तर फडक्यावर तपकिरी डाग आणि अंड्यावर पांढरा पट्टा. लहान आकाराची पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून काढलेली होती.

तेव्हापासून विकत घेताना मी रुमालाचं टोक पाण्यात भिजवून एक अंडं पुसून बघते. खरा रंग साध्या पाण्याने जात नाही. मात्र लिंबू किंवा व्हिनेगर लावून ही परीक्षा करू नका, मोबाइलवर तसे सल्ले फिरत असतात तरी. तपकिरी कवचाचा रंग बराचसा वरच्या थरात असतो आणि आंबटाने तो थर विरघळतो. अस्सल अंड्याचाही रंग निघेल आणि बिचाऱ्या प्रामाणिक माणसावर तुम्ही विनाकारण संशय घ्याल.

वय सारखं हवं

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: अंड्याच्या चवीत सर्वांत मोठा फरक त्याच्या वयाने पडतो. दोन दिवसांचं साधं पांढरं अंडं तीन आठवड्यांच्या महागड्या अंड्याला मागे टाकतं. गावाकडचं अंडं चवदार लागतं त्याचं निम्मं कारण हेच, की तिथे ते सकाळी खुराड्यातून उचललेलं असतं. शहरातल्या अंड्याशी त्याची तुलना करताना आपण कोंबड्यांची तुलना करतोय असं वाटतं, आणि खरं तर दिवसांची करत असतो.

डब्यावर पॅकिंगची तारीख असते, ट्रेवरच्या सुट्या अंड्यांवर नसते. तेव्हा दुकानदाराला गाडी कोणत्या दिवशी येते ते विचारा आणि त्याच दिवशी घ्या. इंदूरचा मे महिना चाळीस अंशांच्या वर जातो. दुकानाबाहेर उन्हाच्या झळीत रचलेल्या ट्रेमधलं अंडं एका दिवसात जेवढं म्हातारं होतं, तेवढं फ्रिजमध्ये कित्येक दिवसांत होत नाही. म्हणून हा प्रयोग शक्यतो थंडीत करा.

आणलेली सगळी अंडी फ्रिजमध्ये एकाच खणात, टोकदार बाजू खाली करून, दोन दिवस ठेवा. धुऊन ठेवू नका. कवचावर एक नैसर्गिक पातळ थर असतो, तो गेला की कवचातली हजारो सूक्ष्म छिद्रं उघडी पडतात. याच छिद्रांतून वासही आत शिरतो, म्हणून चिरलेला कांदा, लसणाची चटणी, पिकलेला पेरू त्या खणात नको. एकदा आमच्याकडे फणसाचा डबा शेजारी राहिला होता आणि सकाळच्या ऑम्लेटला फणसाचा वास होता, अगदी स्पष्ट.

प्रयोगाच्या सकाळी, शिजवायच्या आधी, पाण्याची परीक्षा घ्या. खोल पातेल्यात थंड पाणी घेऊन अंडं अलगद सोडा. आडवं तळाला बसलं तर ताजं. जाड टोक वर उचलून तिरकं झालं तर काही दिवस झालेलं. उभं राहिलं तर जुनं. तरंगलं तर बाजूला काढा. अंडं जुनं होताना छिद्रांतून आतलं पाणी वाफ होऊन जातं आणि जाड टोकाकडची हवेची पोकळी वाढते, म्हणून ते उठतं. प्रयोगाला फक्त आडवी बसणारी अंडी घ्या. एखादं देसी अंडं उभं राहिलं तर ते कितीही प्रेमाने आणलेलं असो, आज नको.

प्रत्येक प्रकारचं एकेक अंडं पांढऱ्या बशीत फोडूनही बघा. ताज्या अंड्याचा बलक घुमटासारखा उंच उभा राहतो आणि भोवतीचं पांढरं घट्ट कडं धरून बसतं, जुन्याचं पाण्यासारखं बशीभर पसरतं. पांढरं किंचित धुरकट दिसलं तर घाबरू नका, तो ताजेपणाचा पुरावा आहे. बलकाला चिकटलेली दोरी आणि क्वचित दिसणारा रक्ताचा ठिपका, दोन्ही निर्धोक.

आता बलकाचा रंग. इथे डोळा सर्वांत जास्त फसवतो. केशरी बलक म्हणजे पौष्टिक आणि चवदार, असं आपण धरून चालतो. बलकाचा रंग कोंबडीने काय खाल्लं त्यावर ठरतो. मका, हिरवा पाला, घोळ, लसूणघास खाल्ला की बलक गडद. फार्मवर खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क मिसळूनही हाच रंग आणता येतो. मोकळं फिरणाऱ्या देसी कोंबडीचा बलक पावसाळ्यात, सगळीकडे हिरवळ असताना, गडद होतो आणि त्याच कोंबडीचा मे महिन्यात फिका पडतो. फिका निघाला म्हणून विकणाऱ्याशी भांडू नका.

शिजवणं: मिठाची चूक टाळा

प्रयोगासाठी दोन पदार्थ पुरतात. एक उकडलेलं अंडं, दुसरी साधी भुर्जी. साधी म्हणजे कांदा, मिरची, कोथिंबीर काही नाही, आणि जिरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इथला मसाला, तर अजिबात नाही. इंदूरकराचा हात पोह्यांवर जसा आपोआप जिरावनाच्या डबीकडे जातो तसा अंड्यावरही जातो. त्या दिवशी डबी कपाटात ठेवा.

उकडताना अंडी अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढा आणि प्रत्येकावर पेन्सिलीने आकडा घाला. पाणी खळखळ उकळल्यावर मगच अंडी डावाने सोडायची. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. मुंबईच्या घड्याळापेक्षा थोडं जास्त धरा. माझं माप असं: ५५ ग्रॅमच्या अंड्याला १० मिनिटं, ४० ग्रॅमच्या देसीला साडेआठ. सगळी एकदम काढलीत तर लहान अंडं जास्त शिजून बलक भरड होईल आणि त्याचा दोष तुम्ही कोंबडीला द्याल. काढल्यावर लगेच थंड पाण्यात. फार वेळ उकळत ठेवलं की पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह मिळून बलकाभोवती हिरवट कडं धरतं आणि वास येतो.

सोलताना एक गंमत दिसेल. सर्वांत ताज्या अंड्याचं कवच सर्वांत चिवट चिकटतं, पांढऱ्याचे लचके निघतात. ताज्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्याने ते जरा कमी अल्कधर्मी राहतं आणि आतल्या पापुद्र्याला घट्ट धरून ठेवतं. आठवड्याभरात तो वायू निघून जातो आणि कवच सहज सुटतं. पाहुण्यांसाठी अंडाकरी करायची असेल तर मी मुद्दाम आठवडाभर जुनी अंडी वापरते.

भुर्जीची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तिथे आम्ही सगळेच चुकलो होतो. पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा घरात सासरे नाना, नणंद आणि तिची दोन मुलं, मी आणि हे, असे सहाजण होतो. प्रत्येक प्रकारची दोन अंडी फेटली, प्रत्येकात एक चिमूट मीठ, तेवढंच तूप, तीच कढई. डोळे बांधून चाखलं आणि सहाच्या सहाजणांनी देसीला पहिला नंबर दिला. नाना खूश. जत्रेतून आणलेल्या कोंबड्या त्यांच्या लहानपणी घरी होत्या, देसीवर त्यांचं मनापासून प्रेम.

संध्याकाळी वाट्या धुताना नणंद म्हणाली, "वहिनी, देसीची वाटी कमीच भरली होती ना?" तेव्हा लक्षात आलं. दोन देसी अंडी म्हणजे ऐंशी ग्रॅम, दोन फार्मची म्हणजे एकशेदहा. चिमूट मात्र तीच. देसीत मीठही जास्त पडलं होतं आणि तूपही. आम्ही कोंबडी ओळखली नव्हती, मीठ ओळखलं होतं.

म्हणून अंडी मोजू नका, तोला. स्वयंपाकघरातला छोटा काटा घ्या. फेटलेलं अंडं १०० ग्रॅम, मीठ १ ग्रॅम, तूप एक सपाट चमचा. प्रत्येक वेळी कढई पुसून, तेवढीच तापवून, मंद आचेवर. भुर्जी कढईत किंचित ओलसर असतानाच उतरवायची, पण कच्ची नाही. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जंतूंची बाधा होऊ शकते, त्यामुळे घरात लहान मुलं, गर्भवती किंवा वयस्कर माणसं असतील तर पूर्ण शिजवा. हाफ-फ्रायची तुलना त्यांच्यासाठी नको.

चाखणं

सकाळचा चहा झाल्यावर लगेच नको, तासभर जाऊ द्या. तंबाखू, सुपारी, बडीशेप काही नको. एकाने वाट्या लावायच्या, बाकीच्यांनी डोळ्यांवर ओढणी बांधायची. लावणाऱ्याने मग चाखणाऱ्यांत बसायचं नाही, चेहऱ्यावरून कळतं.

एका वेळी तीन वाट्या द्या: दोनांत एकाच प्रकारचं अंडं, तिसरीत वेगळ्या. चाखणाऱ्याने एवढंच सांगायचं की वेगळी वाटी कोणती. चांगलं-वाईट नंतर. नुसत्या अंदाजानेही तीनात एकदा बरोबर येतं, म्हणून एका उत्तरावर विसंबू नका. सहा वेळा द्या. दोनदा बरोबर आलं तर तो नशिबाचा भाग, पाच-सहा वेळा बरोबर आलं तर त्या माणसाला खरंच फरक कळतोय. दोन फेऱ्यांमध्ये साधं पाणी आणि पोळीचा कोरडा तुकडा.

अंडं कोमट असताना चाखा, गार झालं की चव बसते. उकडलेल्यात पांढरं वेगळं, बलक वेगळा. पांढऱ्यात बघायचं ते लवचिकपण: मऊ आहे, रबरी आहे, की पाणचट. बलकात बघायचं ते गुळगुळीत की भरड, तुपकट की कोरडा, आणि गिळल्यावर मागे काय राहतं. नाकाने आधी वास घ्या. वशट वास आला तर लिहून ठेवा, त्याचं कारण बहुतेक खाद्यात असतं. खाद्यात सुकी मासळी जास्त असेल तर असा वास येतो. काही ब्राऊन अंड्यांच्या कोंबड्यांत एक जन्मजात उणीव असते, त्यांना मोहरीच्या पेंडेतून येणारं एक द्रव्य पचवता येत नाही आणि माशासारखा वास थेट बलकात उतरतो. जवसाच्या अंड्यातही कधीकधी अळशीच्या तेलाचा हलका वास लागतो.

आम्हाला काय आढळलं

मीठ-तूप तोलून केलेल्या दुसऱ्या फेरीत पांढरं आणि ब्राऊन सहापैकी एकालाही सातत्याने वेगळं ओळखता आलं नाही. वय सारखं असेल तर ब्राऊनसाठी जास्त पैसे मोजायचं चवीपुरतं तरी मला कारण दिसत नाही.

देसी मात्र ओळखू आलं, भुर्जीत कमी, उकडलेल्यात जास्त. देसी अंड्यात पांढऱ्याच्या मानाने बलकाचा वाटा मोठा असतो, त्यामुळे घास तुपकट लागतो आणि चव जिभेवर जरा रेंगाळते. नानांनी उकडलेलं देसी सहापैकी पाच वेळा ओळखलं. ओढणी सोडल्यावर त्यांनी उरलेलं अर्धं अंडं मीठ न लावता, हळूहळू खाल्लं. मला तो क्षण फार आवडला. त्यांचं प्रेम खरं होतं, पुरावा फक्त चुकीचा होता.

कडकनाथ आणि देसी यांत आमच्या घरात कुणालाच फरक सांगता आला नाही. दोन्ही लहान, दोन्ही बलकाने भरलेली. तुमच्या जिभेला कळला तर जरूर घ्या, पण चवीसाठीच घ्यायचं तर माझं मत साध्या देसीच्या बाजूने.

आणि एक मुद्दाम केलेली फेरी: दोन दिवसांचं पांढरं विरुद्ध तीन आठवडे ठेवलेलं पांढरं. ही फेरी सगळ्यांनी जिंकली, आठ वर्षांच्या भाच्यानेसुद्धा. तुमच्याकडे वेळ एकाच फेरीचा असेल तर हीच करा.

कुठे काय वापरायचं

मसाला, कांदा, मिरची पडणार असेल तिथे साधं ताजं पांढरं. छप्पन दुकान या इथल्या खाऊगल्लीत एग बेंजो खाल्लात तर कळेल, गरम पावातलं ते ऑम्लेट आणि चटणी यांत कवचाचा रंग शोधायला जागाच नसते. केकलाही पांढरंच, कारण कृतीतली मापं ५०-५५ ग्रॅमच्या अंड्यावर बेतलेली असतात. देसी वापरायचं तर मोजून नको, तोलून. देसी ठेवा उकडून नुसत्या मीठ-मिऱ्यावर खायला.

आमच्याकडे आता आठवड्याचा ट्रे पांढऱ्याचा, गाडी येते त्या दिवशी आणलेला, आणि महिन्यातून एकदा मानपूरकडून देसी डझन. देसीचा बलक सर्वांत गडद असतो तो श्रावणात, पण तेव्हा घरात अंडं येत नाही. म्हणून पावसाळी अंड्यांची फेरी आम्ही आषाढातच, अमावास्येच्या आधीच्या रविवारी उरकतो आणि हिवाळ्यातली फेरी नवरात्र उलटून गारवा पडल्यावर.